आठवणींवाचून ‘मी’: के. सी. यांचं प्रकरण

ऑक्टोबर १९८१. कॅनडात टोरंटोजवळच्या मिसिसागा शहरात राहणारे तीस वर्षांचे के. सी. (अभ्यासकांच्या लेखनात त्यांची ओळख या आद्याक्षरांनीच होते) कामावरून मोटरसायकलने घरी निघाले होते. महामार्गावरून खाली उतरताना गाडी घसरली आणि डोक्याला जबर मार बसला. कवटीत साचलेलं रक्त शस्त्रक्रिया करून काढावं लागलं. जीव वाचला. काही महिन्यांनी ते बोलूचालू लागले, वाचू लागले, घरच्यांना ओळखू लागले, बुद्ध्यांकाच्या चाचणीत चारचौघांइतकेच गुण मिळवू लागले. एक गोष्ट मात्र कधीच परत आली नाही. स्वतःच्या आयुष्यात घडलेला एकही प्रसंग त्यांना आठवेना. अपघातानंतरचा नाही, आणि अपघाताआधीच्या तीस वर्षांतलाही नाही.

२०१४ साली, वयाच्या ६२व्या वर्षी ते वारले. मधली तीस वर्षं टोरंटोतले मानसशास्त्रज्ञ त्यांचा अभ्यास करत होते: आधी एंडेल तुलविंग आणि डॅनियल शॅक्टर, पुढे मॉरिस मॉस्कोविच, शायना रोझेनबॉम आणि इतर कितीतरी जण. स्मृतीच्या अभ्यासात के. सी. यांचं नाव मोठं आहे. मला हे प्रकरण महत्त्वाचं वाटतं ते मात्र तत्त्वज्ञानासाठी. ‘मी म्हणजे माझ्या आठवणी’ हे आपण इतक्या सहज धरून चालतो की ते तपासून बघायचं सुचतही नाही. इथे ते तपासलं गेलं, तेही एका माणसाच्या आख्ख्या आयुष्यात.

नेमकं काय गेलं आणि काय राहिलं ते आधी नीट पाहायला हवं, कारण सगळा वाद त्यावर उभा आहे.

के. सी. यांना बुद्धिबळ खेळता यायचं. आपल्याला ते येतं हेही त्यांना ठाऊक होतं. पण कधी कुणाबरोबर एखादा डाव खेळल्याचं आठवत नसे. ज्या कारखान्यात ते काम करायचे तिथले तांत्रिक शब्द त्यांना बरोबर सांगता येत. गुहेत छतावरून लोंबणारे चुनखडीचे खांब आणि जमिनीवरून वर चढणारे खांब यांची वेगळी नावं त्यांना माहीत होती. घराचा पत्ता, घरातल्या गाडीची माहिती, कुटुंबाचं सुट्टीतलं घर कुठे आहे, सगळं माहीत. त्या सुट्टीतल्या घरी घालवलेला एकही दिवस मात्र डोळ्यांसमोर येत नसे. भाऊ वारला आहे हे ते जाणून होते. ती बातमी आपल्याला कुठे कळली, कुणी सांगितली, तेव्हा आपलं काय झालं, यातलं काहीच नाही. नोव्हेंबर १९७९ मध्ये मिसिसागात विषारी रसायनं वाहून नेणारी मालगाडी घसरली होती आणि दोन लाखांहून जास्त लोकांना घरदार सोडून जावं लागलं होतं. के. सी. यांचं कुटुंबही त्यात होतं. शहर ती घटना विसरलं नाही. के. सी. यांना आपण त्यातून गेलो याची काडीइतकीही आठवण नव्हती.

तुलविंग यांनी १९७२ सालीच स्मृतीचे दोन प्रकार वेगळे मांडले होते. एक जगाविषयीच्या माहितीची, सिमँटिक. दुसरी आपल्यावर गुदरलेल्या प्रसंगांची, एपिसोडिक. तेव्हा अनेकांना ही नुसती सोयीची विभागणी वाटली होती. के. सी. यांच्यात मेंदूच्या दुखापतीने ती प्रत्यक्ष करून दाखवली. पुढे एमआरआयमध्ये दिसलं की दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूत खोलवर असलेला आठवणींशी निगडित भाग, जवळजवळ नाहीसा झाला होता. शिवाय मेंदूच्या इतर भागांतही, विशेषतः डावीकडे, बरीच इजा होती. हे इतर नुकसान विसरून चालणार नाही. के. सी. यांच्यावरून काढलेल्या प्रत्येक निष्कर्षामागे ते उभं असतं. एच. एम. या त्याहून प्रसिद्ध रुग्णाशी तुलना केली तर फरक कळतो. १९५३ च्या शस्त्रक्रियेनंतर एच. एम. यांना नवीन आठवणी धरून ठेवता येईनात, पण लहानपणाचं थोडंबहुत सांगता येत असे. के. सी. यांच्याकडे तेवढंही उरलं नव्हतं.

आता त्या मुलाखतीकडे. ती तुलविंग यांनी १९८५ साली एका लेखात छापली. प्रश्न साधा होता: उद्या काय करणार आहात? के. सी. बराच वेळ गप्प राहिले. मग किंचित हसले आणि म्हणाले, माहीत नाही. प्रश्न काय होता ते आठवतंय का, असं विचारल्यावर त्यांनी तो बरोबर सांगितला. म्हणजे लक्ष होतं, भाषा होती, ‘उद्या’ म्हणजे काय हेही कळत होतं. उद्याचा विचार करताना मनात काय होतं, असं पुढे विचारलं. ते म्हणाले की काहीच नसतं, कोरं असतं. रिकाम्या खोलीत उभं केलं आणि कुणी खुर्ची शोध म्हणालं, पण तिथे काही नाहीच, तसं. आणि कालचा विचार करताना? तेव्हाही तोच कोरेपणा.

हे वाचून मी बराच वेळ थांबलो होतो. भूतकाळ गेला तर भविष्यकाळही जातो, हे कुठल्या तत्त्वज्ञाने एवढं नेमकं सांगितलं होतं? स्वतःला काळात मागेपुढे नेऊन पाहण्याची जी जाणीव असते, तिला तुलविंग यांनी ‘ऑटोनोएटिक’ असं नाव दिलं. पुढे २००७ साली लंडनमध्ये डेमिस हसाबिस, एलेनॉर मॅग्वायर आणि सहकाऱ्यांनी हिप्पोकॅम्पसला इजा झालेल्या इतर रुग्णांना काल्पनिक प्रसंग रंगवायला सांगितले, उदाहरणार्थ समुद्रकिनाऱ्यावर पडून राहिल्याचा. त्यांची वर्णनंही तुटक, सुटी सुटी निघाली. के. सी. यांनी कोरेपणाचं जे वर्णन केलं होतं, ते त्यांच्या एकट्यापुरतं नव्हतं.

अशा माणसाला ‘मी’ होता का? आणि अपघाताआधीचा ‘मी’ तोच होता का?

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांचं उत्तर प्रसिद्ध आहे. मानवी आकलनावरच्या आपल्या ग्रंथाच्या १६९४ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी व्यक्तीच्या ओळखीवर एक प्रकरण जोडलं. त्यातला मुद्दा असा की माझी जाणीव मागे जिथपर्यंत पोचते तिथपर्यंत मी तीच व्यक्ती. थॉमस रीड यांनी १७८५ मध्ये त्यावर जी हरकत घेतली ती आजही तत्त्वज्ञानाच्या वर्गात शिकवतात: म्हाताऱ्या सेनापतीला आपण तरुण अधिकारी असताना जिंकलेलं निशाण आठवतं, त्या तरुण अधिकाऱ्याला लहानपणी खाल्लेला मार आठवायचा, पण सेनापती तो मार साफ विसरला आहे. मग सेनापती आणि तो मुलगा एक की दोन? लॉक यांच्या बाजूचे लोक साखळी जोडून यातून सुटतात: मुलगा अधिकाऱ्याशी जोडलेला, अधिकारी सेनापतीशी, म्हणून तिघे एक. ही पळवाट के. सी. यांच्यापाशी बंद होते. तिथे साखळीला एकही कडी नाही. लॉक शब्दशः खरे मानायचे तर अपघाताच्या दिवशी एक व्यक्ती संपली, आणि तिच्या जागी दुसरी आलीच नाही, कारण नव्या माणसालाही कालचा दिवस आठवत नाही.

त्यांच्या घरच्यांना असं कधी वाटलं नाही. पण घरच्यांना काय वाटतं हा पुरावा म्हणून कमी पडतो. माया ही देहावरही बसते.

इथे मला आपल्याकडचा न्यायदर्शनातला युक्तिवाद जास्त उपयोगी वाटतो. न्याय हे तर्क आणि प्रमाणांचा विचार करणारं दर्शन. त्याच्या मूळ ग्रंथात, गौतम ऋषींच्या न्यायसूत्रात, इच्छा, द्वेष, प्रयत्न, सुख, दुःख आणि ज्ञान ही आत्म्याची लिंगं सांगितली आहेत. लिंग म्हणजे खूण, जिच्यावरून अनुमान करायचं. वात्स्यायनाचं भाष्य ते असं उलगडतं: एखाद्या वस्तूपासून पूर्वी सुख मिळालं, ती वस्तू पुन्हा दिसली आणि हवीशी वाटली, तेव्हा आधी भोगणारा, आता पाहणारा आणि इच्छा करणारा एकच असला पाहिजे. वरवर पाहिलं तर हाही स्मृतीचाच युक्तिवाद. फरक असा की लॉक यांच्याकडे स्मृतीनेच व्यक्ती बनते. नैयायिकांकडे, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांकडे, स्मृतीवरून व्यक्ती कळते. खूण नाही म्हणून वस्तूच नाही, असं कुठलाही नैयायिक म्हणणार नाही. त्यांच्या परंपरेत यासाठी ठरलेलं उदाहरण आहे, तापलेल्या लोखंडी गोळ्याचं: धूर ही अग्नीची खूण, पण इथे अग्नी आहे, धूर नाही.

के. सी. यांच्याकडे धूर नव्हता. मग अग्नीची दुसरी काही खूण होती का, हे शोधायला हवं. ती शोधण्याचं श्रेय तुलविंग यांना जातं. १९९३ साली छापलेला त्यांचा एक छोटासा प्रयोग मला या प्रकरणाचा गाभा वाटतो.

अपघाताआधीचे के. सी. मित्रमंडळींत रमणारे, धाडसी, मोटरसायकली पळवणारे होते. अपघातानंतर ते शांत झाले, स्वतःहून काही सुरू करेनासे झाले. स्वभावच बदलला. तुलविंग यांनी त्यांना स्वभावाची विशेषणं दिली आणि प्रत्येक आपल्याला कितपत लागू पडतं ते विचारलं. पुन्हा दुसऱ्यांदा विचारलं. दुसऱ्या वेळी पहिली खेप आठवण्याचा प्रश्नच नव्हता. तरी उत्तरं बरीचशी जुळली. त्यांच्या आईलाही तीच विशेषणं दिली. मुलगा आता कसा आहे आणि आधी कसा होता, असं दोन्ही त्यांनी वेगवेगळं सांगितलं. के. सी. यांची उत्तरं आईने सांगितलेल्या आताच्या स्वभावाशी सुमारे तीन चतुर्थांश ठिकाणी जुळली. आधीच्या स्वभावाशी तितकी जुळली नाहीत.

हा निकाल सरळ वाचून सोडून देण्यासारखा नाही. के. सी. जुन्या स्वतःविषयीची जुनी माहिती घोकत असते तर त्यांनी आपलं वर्णन धाडसी, गडबड्या असं केलं असतं. ती माहिती अपघाताआधीची, म्हणजे टिकलेली असायला हवी होती. ते तसं म्हणाले नाहीत. अपघातानंतरच्या बदललेल्या माणसाचं बरोबर वर्णन त्यांनी केलं. म्हणजे अपघातानंतर कधीतरी, कुठेतरी, हे ज्ञान तयार झालं. ‘परवा पार्टीला बोलावलं होतं आणि मी कोपऱ्यात बसून राहिलो’ असा एकही प्रसंग हाताशी नसताना ‘मी शांत माणूस आहे’ हे कळलं. प्रसंग पुसले गेले, त्यांचा साका खाली बसत राहिला. याला संस्कार म्हणायला माझी हरकत नाही. स्मृती उठत नाही, पण संस्कार पडतो, ही कल्पना आपल्या दर्शनांना नवीन नाही.

बौद्ध इथे लगेच बोलतील, आणि त्यांना बोलू द्यायला हवं. वसुबंधूने अभिधर्मकोशाच्या भाष्यात, नवव्या प्रकरणात, हाच प्रश्न घेतला आहे: आत्मा नसेल तर आठवतं कुणाला? त्याचं उत्तर, क्षणांच्या प्रवाहात आधीचा क्षण पुढच्यात बीज टाकतो, मालक लागत नाही. के. सी. यांच्यात पडत राहिलेले संस्कार या प्रवाहालाही तितकेच जमतात. तुलविंग यांच्या प्रयोगावरून नित्य आत्मा सिद्ध होत नाही. प्रयोग एवढंच सांगतो की सलगता होती, आणि तिचा धागा आठवलेल्या प्रसंगांचा नव्हता. नैयायिक आणि बौद्ध यांचा वाद तिथून पुढे सुरू होतो. लॉक मात्र त्या वादाच्या दारातच थांबतात.

पुढच्या वर्षांत या धाग्याचे आणखी पदर सापडले. दुसऱ्याच्या मनात काय चाललं आहे हे समजायला स्वतःचे अनुभव आठवावे लागतात, असं अनेकांना वाटत होतं. २००७ मध्ये रोझेनबॉम, डोनाल्ड स्टस, ब्रायन लेव्हिन आणि तुलविंग यांनी ‘सायन्स’मध्ये दाखवलं की के. सी. अशा चाचण्यांत निरोगी माणसांसारखेच उत्तीर्ण होतात. आणखी पाच वर्षांनी आलेला एक अभ्यास तर मुलाखतीतला कोरेपणा नव्याने वाचायला लावतो. आत्ता थोडे पैसे हवेत की काही काळाने जास्त, असे प्रश्न के. सी. यांना विचारले. उद्याचं चित्र डोळ्यांसमोर आणता न येणारा माणूस नेहमी आत्ताचेच पैसे मागेल, असा सर्वसाधारण अंदाज. त्यांनी तसं केलं नाही. उशिरा मिळणाऱ्या पैशांचं मोल त्यांच्या लेखी कमी होत होतं, पण इतरांच्या लेखी होतं तसंच, सुसंगतपणे. या कामात तत्त्वज्ञ कार्ल क्रेव्हर सहभागी होते. पुढे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ठामपणे मांडलं की प्रसंगस्मृती गेलेली माणसं वर्तमानात अडकलेली नसतात. भविष्य आहे, ते आपलं आहे, त्यासाठी आज काही सोडावं लागेल, हे के. सी. जाणत होते. ते दिसत नव्हतं, एवढंच.

‘एवढंच’ लिहिलं खरं, पण यात गेलं ते कमी नव्हतं. मेंदूच्या रुग्णांविषयी लिहिताना काहीच हरवलं नाही असं सांगण्याचा मोह होतो. के. सी. यांनी स्वतःहून घर उभं केलं नाही, कामधंद्याला पूर्वीसारखे लागले नाहीत, दिवसाची आखणी घरच्यांवर सोपवून जगले. त्यातला किती भाग आठवणी गेल्याचा आणि किती मेंदूच्या इतर इजांचा, हे वेगळं काढणं अवघड. लेव्हिन यांच्या गटाने २०१५ साली अशा तीन निरोगी व्यक्तींविषयी लिहिलं, ज्यांना जन्मभर आपला एकही प्रसंग पुन्हा जगता आलेला नाही. मेंदूला इजा नाही, नोकरी आणि संसार व्यवस्थित. म्हणून मला वाटतं, के. सी. यांच्या परावलंबनाचा सगळा बोजा प्रसंगस्मृतीवर टाकता येणार नाही.

एक नुकसान मात्र मी तिच्याच खात्यावर मांडेन: पश्चात्ताप. लॉक यांना ‘व्यक्ती’ ही कल्पना मुख्यतः न्यायनिवाड्यासाठी हवी होती, कुणाला कशाबद्दल जबाबदार धरायचं ते ठरवण्यासाठी. समजा के. सी. यांनी अपघाताआधी कर्ज काढलं असतं. आठवत नाही म्हणून ते फिटलं असं बँक म्हणणार नाही, आपणही म्हणणार नाही, आणि मला वाटतं ते स्वतःही म्हणाले नसते. कागद दाखवला की ‘म्हणजे मीच घेतलं असणार’ हे समजण्याइतकी बुद्धी शाबूत होती. पण समजा त्यांनी कुणाला दुखावलं असतं. तर ‘मी दुखावलं’ हे कळणं आणि तो चेहरा पुन्हा समोर उभा राहून आतून चरकणं यांतलं पहिलंच त्यांच्या वाट्याला आलं असतं. जबाबदारी उरते, तिची धग उरत नाही. याच कारणाने शिक्षा आणि क्षमा यांविषयी बोलताना लॉक अजूनही पूर्णपणे मोडीत काढता येत नाहीत.

या सगळ्याला उलट बाजूने तपासणारं एक प्रकरण आहे, आणि ते नसतं तर मी इतक्या खात्रीने लिहिलं नसतं. स्टॅन्ली क्लाइन आणि शॉन निकोल्स यांनी २०१२ साली ‘माइंड’ या नियतकालिकात आर. बी. यांच्याविषयी लिहिलं. हे गृहस्थ सायकलवर असताना मोटारीने त्यांना धडक दिली. त्यांना प्रसंग आठवत होते: जागा, माणसं, क्रम, सगळं. पण ते आपले वाटत नव्हते. दुसऱ्या कुणाचे फोटो पाहावेत तसे ते दिसत. हे आपल्याच बाबतीत घडलं असणार, हे त्यांना तर्काने ठरवावं लागे. पुढे हळूहळू ‘आपलेपणा’ परत आला. के. सी. यांच्याकडे प्रसंग नाहीत पण ‘मी’ आहे, आर. बी. यांच्याकडे प्रसंग आहेत पण त्यांना ‘मी’ चिकटलेला नाही. दोन्ही शेजारी ठेवली की आठवण आणि मीपणा यांचं नातं आपण समजतो तितकं घट्ट नाही, हे स्पष्ट होतं. आठवण मला घडवत असती, तर आर. बी. यांना तर्क करावा लागला नसता. उलट दिसतं ते असं की आठवणीला ‘माझी’ करणारं काहीतरी आधीच लागतं. रीड यांच्याही आधी, १७३६ मध्ये, जोसेफ बटलर यांनी लॉक यांच्यावर हाच आक्षेप घेतला होता.

हा प्रश्न अभ्यासकांपुरता नाही, कारण स्मृतिभ्रंश झालेली माणसं आता आपल्या घराघरांत आहेत. ‘आता त्या राहिल्याच कुठे, फक्त शरीर आहे’ हे वाक्य मी अनेक घरांत ऐकलं आहे, प्रेम करणाऱ्या माणसांच्या तोंडून. अल्झायमरमध्ये माहितीची स्मृतीही झिजत जाते, त्यामुळे के. सी. यांचे निष्कर्ष तिथे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरी एक गोष्ट लागू पडते: समोरच्याला प्रसंग आठवत नाही यावरून तो माणूस उरला नाही, असा निष्कर्ष निघत नाही. तो काढायला दुसरा पुरावा लागेल.

आणि शिकवण्याविषयी के. सी. यांच्याकडून जे कळलं ते तर थेट वापरता येतं. ते ग्रंथालयात पुस्तकं लावायचं काम शिकले, दशांश वर्गीकरणाच्या क्रमाने. ते कधी, कुणी शिकवलं ते सांगता येत नसे. नवीन माहितीही त्यांच्यात रुजू शकली. फार सावकाश, खूप वेळा सांगून, पण रुजली. अट एक होती: मध्ये चुकीची उत्तरं येऊ द्यायची नाहीत. निरोगी माणूस चुकतो, चूक झाली तो प्रसंग लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी टाळतो. के. सी. यांच्याकडे प्रसंगच राहत नसल्यामुळे चूकही बरोबर उत्तराइतकीच पक्की बसायची. आपल्याकडे गावाहून आलेला पुतण्या आजारी काकूंच्या पलंगाशी वाकून विचारतो, ‘ओळखा बघू मी कोण?’ त्या भलतंच नाव घेतात, सगळे हसतात किंवा गप्प होतात, आणि पुढचा पाहुणा पुन्हा तेच विचारतो. त्यापेक्षा आत येतानाच ‘काकू, मी सुरेश, तुमच्या धाकट्या दिरांचा मुलगा’ असं म्हणावं, आणि दर वेळी तेच म्हणावं.